अनुदानाची भाषा आणि आमची माणसे

या आषाढात आमच्या भीमनगरातील एक जण कागदांचा जुडगा घेऊन माझ्याकडे आली. 'आली' हे क्रियापद मी जाणीवपूर्वक वापरतो. आईबापांनी तिला मुलगा म्हणून वाढवले आणि चौदाव्या वर्षी यल्लमाला सोडले. गाव तिला जोगता म्हणते, सरकारी कागद तृतीयपंथी म्हणतात, ती स्वतःला बाई म्हणते. मी तिचे म्हणणे प्रमाण मानतो.

तिच्या हातात एका परदेशी देणगीदार संस्थेचा अर्ज होता. सव्वीस पाने, सगळी इंग्रजीत. गावातल्या आणि आसपासच्या अकरा जणांनी मिळून एक मंडळ काढले आहे. त्यात जोगते आहेत, बाजारात टाळी वाजवून मागणाऱ्या आहेत, हॉटेलात भांडी घासणारा आणि घरी लग्नाचा तगादा सोसणारा एक मुलगा आहे. यापुढे मोठ्या संस्थांपेक्षा 'समुदायाच्या नेतृत्वाखालील' लहान संस्थांनाच पैसे द्यायचे असे देणगीदारांचे धोरण निघाले आहे, हे त्यांना शहरातल्या कुणीतरी सांगितले होते. "सर, तेवढं भरून द्या. आमच्यात धावीच्या म्होरं कोण न्हाई," ती म्हणाली.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. कविता, कथा, आत्मकथन यांवर लिहिले. अनुदानाचा अर्ज हाही एक वाङ्मयप्रकार आहे, त्यालाही आशय आणि अभिव्यक्ती असते, त्याचाही वाचक आधीच ठरलेला असतो आणि त्या वाचकाची एक मूल्यव्यवस्था असते, हे मला त्या सव्वीस पानांनी शिकवले. प्रस्थापितांच्या कथा-कादंबऱ्यांतील भाषा आम्ही एकेक शब्द उलटून तपासली. या प्रकाराकडे मात्र आमच्यापैकी कुणी फिरकले नाही. वास्तविक कितीतरी माणसांचे औषध, कितीतरी माणसांचा वकील, कितीतरी माणसांचे डोक्यावरचे छप्पर आज या मजकुरावर अवलंबून आहे. म्हणून हा लेख.

लेखाला आणखी एक निमित्त घडले. त्याच आठवड्यात एका व्याख्यानमालेत चहा घेताना चळवळीतला एक जुना मित्र म्हणाला, "ही समलिंगी, पारलिंगी वगैरे सगळी फंडिंगवाल्यांची चळवळ आहे. पैसा बंद झाला की झेंडे गुंडाळले जातील. आपण त्यात कशाला पडायचे?" आजूबाजूचे चारपाच जण हसले. मी तेव्हा गप्प राहिलो. मित्राचे विधान मला थोडे खरे आणि बरेचसे अन्यायाचे वाटते, आणि त्यातला खरा भाग त्याच्या लक्षात आलेलाच नाही असेही वाटते.

अन्यायाचा भाग आधी पाहू. झेंडा पैशाच्या आधी आला होता. अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मुंबईत 'बॉम्बे दोस्त' काढले, तेव्हा या विषयाला कोणी अनुदान देत नव्हते. ते एक लहान नियतकालिक होते. लहान नियतकालिक काढणे म्हणजे काय असते ते या त्रैमासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलन नावाच्या गटाने १९९१ साली समलिंगी माणसांच्या नागरी स्थितीवर अहवाल छापला आणि १९९४ साली भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हा गट कुणाचेही अनुदान घेत नसे. त्यांची याचिका पुढे चालली नाही आणि २००१ मध्ये ती निकालात निघाली. त्याच वर्षी नाझ फाउंडेशन या एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थेने नवी याचिका केली. तिच्यावर २ जुलै २००९ रोजी निकाल लागला. त्या निकालात न्यायालयाने बहुसंख्यांच्या नीतिमत्तेपेक्षा संविधानाची नीतिमत्ता श्रेष्ठ मानली आणि तो विचार घेतला बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणातून. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी हा निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते शेवटी रद्द झाले, तेव्हाही संविधानाची नीतिमत्ता हाच त्या निकालाचा आधार होता. आमचा मित्र दर चौदा एप्रिलला ज्या माणसाचे नाव घेतो, त्याच माणसाचा शब्द घेऊन ही माणसे न्यायालयात उभी राहिली. 'आपण त्यात कशाला पडायचे' हा प्रश्नच म्हणून चुकीचा आहे. आपण त्यात आहोतच, फक्त आपल्याला ते ठाऊक नाही.

आता खरा भाग. पैसा आला, आणि तो ज्या दाराने आला त्या दारावर रोगाची पाटी होती.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली स्थापन झाली. पुढच्या वर्षांत जागतिक बँकेचा, परदेशी सरकारांचा, २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' कार्यक्रमाचा पैसा या कामात उतरला. एकट्या 'आवाहन'ने महाराष्ट्रासह सहा राज्यांत पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम आणली. या पैशाने माणसे वाचली. हे मी स्पष्टपणे आणि कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो, कारण पोट भरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटातील अन्नाची शुद्धता तपासू नये. निरोध मिळाले, रक्ततपासणी मिळाली, बसायला एक खोली मिळाली. आमच्या भीमनगरातील बाईला पहिली पक्की मिळकत याच कामात मिळाली. साठ माणसांमागे एक 'पीअर', आणि त्या पीअरला महिन्याला मानधन. पगार नव्हे, मानधन. ज्याच्या कष्टावर सगळा डोलारा उभा, त्याला मान आणि धन यांतले काहीच पुरेसे न देणारा हा शब्द आपल्या अंगणवाडी सेविकांनाही चांगला परिचित आहे.

परंतु त्या दारातून आत जाण्यासाठी माणसाला आपले नाव बाहेर ठेवावे लागले. कागदावर तो 'एमएसएम' झाला, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारा पुरुष. हे नाव माणसाचे नाही, एका क्रियेचे आहे. आमच्या बाईला ते नाव कधीच कळले नाही. पुरुष हा शब्द त्यात दोनदा येतो आणि ती एकदाही पुरुष नाही. ती ज्यांच्यात काम करी तो 'लक्ष्यगट'. लक्ष्य कशाचे असते? नेमबाजीचे असते. त्या लक्ष्यगटावर जे करायचे त्याला म्हणत 'हस्तक्षेप'. एसटी स्टँडमागची मुतारी, जेथे तिला पोलिसांनी दोनदा मारले, ती 'हॉटस्पॉट'. जोगता हा शब्द कोणत्याच रकान्यात नव्हता. यल्लमाचा जग डोक्यावर घेऊन जोगवा मागणारी, बहुतांशी आपल्याच जातींतून देवीला सोडलेली ही माणसे अर्जाला दिसली ती केवळ जंतूचे वाहक म्हणून. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीला जो जोगता दिसला, तो कोट्यवधींच्या कार्यक्रमाला दिसला नाही. साहित्याची ही एक जुनी उपयुक्तता आहे.

आणि ज्या कामासाठी सरकार पैसे देत होते, त्याच कामासाठी सरकार तुरुंगातही टाकत होते. जुलै २००१ मध्ये लखनौला एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना ३७७ कलमाखाली अटक झाली. त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ जामीन मिळाला नाही. एका खात्याने निरोध वाटायला दिला आणि दुसऱ्या खात्याने तोच पुरावा म्हणून धरला.

हे सगळे वाचताना मला सारखे वाटत होते की हा युक्तिवाद आपण कुठेतरी आधी ऐकला आहे. आणि मग मी बाबासाहेबांचे १९४५ सालचे 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' हे पुस्तक पुन्हा काढले. त्यातील हरिजन सेवक संघावरचे प्रकरण आमच्या कार्यकर्त्यांनी गांधी-आंबेडकर वादाचे एक पान म्हणून वाचले आणि ठेवून दिले. माझ्या मते ते अनुदानावरील समीक्षेचे आपल्याकडील पहिले आणि अजूनही सर्वांत टोकदार लेखन आहे.

ती घटना थोडक्यात अशी. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ अखेरीस मुंबईत अस्पृश्यता निवारणाची एक संस्था निघाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर चिटणीस. हाच पुढचा हरिजन सेवक संघ. बाबासाहेब आरंभी तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना 'व्हिक्टोरिया' बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. समाजकार्याच्या दोन दृष्टी असतात असे त्यात म्हटले आहे. एक दृष्टी मानते की दुःखी माणूस स्वतःच्या दुर्गुणामुळे दुःखी आहे. म्हणून त्याला दारूबंदी शिकवा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा. दुसरी दृष्टी मानते की दुःखाचे मूळ परिस्थितीत आहे. म्हणून विहीर, शाळा, चावडी, वाहन, नोकरी यांवरचा हक्क मिळवण्यासाठी झगडा. पैसा या झगड्यावर खर्च करा, आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या. त्या पत्राची पोचही आली नाही असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बाबासाहेब मंडळातून बाहेर पडले. अस्पृश्यांना कारभारात घ्या अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींचे उत्तर असे होते की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही हिंदूंचाच आहे, म्हणून संघ हिंदूंनीच चालवला पाहिजे. बाबासाहेबांनी या व्यवहाराला राजकीय दानधर्म म्हटले, दयेने मारण्याची योजना म्हटले.

आता एड्स-कार्यक्रमाच्या कागदांतला 'वर्तनबदल' हा शब्द त्या पत्राशेजारी ठेवून पाहा. माणसाचे वर्तन बदला म्हणजे रोग थांबेल. त्याला रात्री मुतारीमागे उभे करणारा घरमालक, शाळेतून हाकलणारा मुख्याध्यापक, लाच मागणारा शिपाई यांच्या वर्तनाला मात्र रकाना नाही. नंतरच्या वर्षांत 'अनुकूल वातावरण', 'हक्क', 'सक्षमीकरण' हे शब्द आले हे मला मान्य आहे. २०१० साली ग्लोबल फंडाच्या पैशावर सुरू झालेल्या 'पहचान' प्रकल्पाने सतरा राज्यांत सुमारे दोनशे लहान संस्था उभ्या करण्याचा उद्देश ठेवला, हेही खरे आहे. शब्द आले. परंतु प्रकल्प संपला की खोलीचे भाडे कुणी भरायचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यातच निघाला.

येथे कुणी म्हणेल की 'समुदायाच्या नेतृत्वाखालील' हे आजचे धोरण म्हणजे बाबासाहेबांच्याच मागणीचा विजय आहे. कार्यकर्ते त्यांच्यातलेच घ्या, कारभार त्यांच्याच हाती द्या. आणखी काय हवे? मलाही पहिल्या वाचनात तसेच वाटले. अर्जात विचारले होते: कार्यकारिणीत समुदायाचे किती टक्के? निर्णय घेणाऱ्यांत किती टक्के? मी आनंदाने शंभर, शंभर असे लिहिले. मग पुढची पाने आली.

तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. नोंदणी प्रमाणपत्र. संस्थेच्या नावाचे भाडेपत्र. बाल संरक्षण धोरण, तक्रार निवारण धोरण, पर्यावरण धोरण. बाईच्या मंडळाचे पर्यावरण धोरण काय, असे मी तिला विचारले तेव्हा ती माझ्याकडे काळजीने पाहू लागली. आणि परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए. हा कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला. २०१० मध्ये तो नव्याने लिहिला गेला. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रत्येक संस्थेला परदेशी पैसा घेण्यासाठी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका मुख्य शाखेत खाते सक्तीचे झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली, आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे एका संस्थेने आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात पंधरा लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. बाजारात मागून जगणाऱ्या अकरा जणांनी आधी पंधरा लाख खर्च करून दाखवायचे, म्हणजे त्यांना पैसे घेण्याची परवानगी मिळणार! पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था आपल्या अनुदानातून तालुक्याच्या मंडळाला काही देऊ शके. त्यात मिंधेपणा होता, पण पैसा पोचत होता. ती वाट सरकारने बुजवली आणि त्याच काळात देणगीदार म्हणू लागले की आम्हाला लहान मंडळेच हवीत. दाता आणि शासन यांनी मिळून असा एक दरवाजा केला आहे की ज्यावर 'या' असे लिहिले आहे आणि ज्याला कडी बाहेरून आहे.

परिणाम काय होतो? ज्याच्याकडे इंग्रजी आहे, सनदी लेखापाल आहे, कुणा ओळखीच्या वकिलाचा पत्ता आहे, तोच समुदाय ठरतो. आणि हे कुणाकडे असते हे आपल्याला भारतात शिकवावे लागत नाही. त्या सव्वीस पानांत लिंगभावाचे, लैंगिकतेचे, अपंगत्वाचे, वयाचे रकाने होते. जातीचा नव्हता. मी दोनदा पाहिले. परदेशी दात्याला जात ठाऊक नसेल असे समजून एकवेळ सोडून देता येईल. पण त्याला सल्ला देणारी आपल्याकडची माणसे असतात, त्यांना ती ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात पारलिंगी व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्या असे सांगितले, तेव्हा तामिळनाडूच्या ग्रेस बानू आणि अन्य दलित पारलिंगी कार्यकर्त्यांनी विचारले की आम्ही अनुसूचित जातीचे आहोत त्याचे काय? त्यांची मागणी आडव्या आरक्षणाची आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत पारलिंगींचा वाटा. कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये नोकऱ्यांत एक टक्का असे आडवे आरक्षण दिले. ही मागणी कुठल्या प्रकल्पातून आली नाही. ती दोन्ही दुःखे एकाच अंगावर भोगणाऱ्यांतून आली. अनुदानाच्या भाषेला 'समुदाय' एकवचनी हवा असतो. आपली माणसे कधीच एकवचनी नसतात.

समुदाय हा शब्दच पाहा. आमच्या बाईच्या तोंडी तो नाही. ती 'आमची मानसं' म्हणते, कधी 'जमात' म्हणते. गुरू असतो, चेले असतात, मिळकतीतला वाटा वर जातो, दंड होतो. या जमातीने टाकलेल्यांना छप्पर दिले आणि त्याच छपराखाली काहींना राबवूनही घेतले. उद्या गुरूच संस्थेचा अध्यक्ष झाला आणि चेले कार्यकारिणीत बसले तर कागदावर नेतृत्व शंभर टक्के समुदायाचे. आपल्या गटातटांच्या चळवळीने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे; नेता आपल्या जातीचा असणे आणि नेता आपल्याला उत्तरदायी असणे यांतले अंतर आपण रक्त आटवून शिकलो. म्हणून माझा प्रश्न टक्क्यांचा नाही. अकरा जणांना त्या पैशाला नाही म्हणता येईल का, दात्याने वर्षाच्या मध्यात अट बदलली तर त्याला जाब विचारता येईल का, आणि आपल्याच अध्यक्षाला खाली उतरवता येईल का, एवढेच मला पाहायचे आहे.

नाही म्हणता येते, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. अमेरिकेच्या २००३ च्या एका कायद्याने असे ठरवले की एड्ससाठी तिचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची प्रतिज्ञा लिहून द्यावी. सांगलीच्या 'संग्राम'ने, जिच्या सोबतीने वेश्या अन्याय मुक्ती परिषद आणि पुरुष व तृतीयपंथी वेश्यांचे 'मुस्कान' हे संघटन उभे आहे, ही अट मान्य केली नाही आणि २००५ च्या सुमारास तो पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझील सरकारने याच कारणासाठी चार कोटी डॉलर नाकारले. एक देश आणि सांगलीच्या गल्लीतील बायका एकाच वर्षी एकच उत्तर देतात, ही घटना आपल्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. पण हेही नोंदवले पाहिजे की नकार त्यांनाच परवडला, ज्यांच्यामागे आधीपासून बायकांची संघटना होती. नकार ही संघटनेची मिळकत आहे. एकट्या माणसाचा नकार म्हणजे उपास.

नाही म्हणण्याची सोय नसली की काय होते ते जानेवारी २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारीला एका सहीने परदेशी मदत थांबवली. हैदराबादला २०२१ साली सुरू झालेला आणि मुख्यतः पारलिंगी कर्मचाऱ्यांनीच चालवलेला 'मित्र' दवाखाना बंद पडला. कल्याण आणि पुणे येथील तसलेच दवाखानेही बंद पडले. हैदराबादचा पुढे देशी ट्रस्टच्या पैशावर वेगळ्या नावाने उघडला. समुदायाचे लोक डॉक्टर होते, समुपदेशक होते; नेतृत्व होते. चावी मात्र वॉशिंग्टनला होती. आमच्या मित्राचे 'पैसा बंद झाला की' हे वाक्य येथे खरे ठरते. फक्त झेंडे गुंडाळले गेले नाहीत, संप्रेरकांची औषधे थांबली. आणि जगभर या कामाला पैशाचा पूर वाहतो हाही भ्रम आहे. देणगीदारांच्याच एका जागतिक अहवालात २०१७-१८ या काळासाठी दिलेला हिशेब असा की आंतरराष्ट्रीय विकासनिधीच्या प्रत्येक शंभर डॉलरमागे या माणसांच्या वाट्याला चार सेंट येतात.

याहून वेगळे करणारे देणगीदारही आहेत. न्यूयॉर्कला १९७७ साली काही स्त्रियांनी स्वतःच्या वर्गणीतून काढलेला अ‍ॅस्ट्रिया निधी आहे. पूर्व आफ्रिकेत नैरोबीचा 'उहाई' आहे, जेथे कुणाला पैसे द्यायचे हे कार्यकर्त्यांचीच समिती ठरवते. त्यांच्याविषयी कुणी जाणकाराने या पानांत सविस्तर लिहावे.

मला अधिक अस्वस्थ केले ते अर्जाच्या एकविसाव्या पानाने. तेथे एका सदस्याची 'यशोगाथा' मागितली होती, पाचशे शब्दांत, फोटोसह. आधी दुःख, मग संस्थेशी भेट, मग बदल, मग भविष्याचे स्वप्न. नमुना सोबत जोडला होता. आपण 'बलुतं' वाचणारी पिढी आहोत. १९७८ साली दया पवारांनी ते लिहिले तेव्हा प्रस्थापित वाचकाला पळायला जागा ठेवली नाही आणि आपल्याच वस्तीलाही सोडले नाही. त्यासाठी त्यांनी दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. दलित आत्मकथनात वाचक आरोपी असतो. यशोगाथेत तोच उद्धारकर्ता असतो. दोन्हींत भूक तीच, मार तोच, बाप तोच. पण एकीकडे 'मी' कुणाच्या सहीसाठी बोलत नाही आणि दुसरीकडे प्रत्येक वाक्य सहीकडे सरकत असते. उद्या या माणसांतून लेखक निर्माण व्हायचे आहेत, होत आहेत. दर सहा महिन्यांनी पाचशे शब्दांत आपले आयुष्य सुखान्त करण्याची सवय लागलेला हात पुढे काय लिहील याची मला भीती वाटते.

मी तिला म्हटले, तू सांग, मी लिहितो. तिने दोन तास सांगितले. त्यात यश नव्हते. एक गोष्ट मात्र होती, जी मला आजवर कुणी सांगितली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही चळवळीतल्या लोकांनी त्यांच्या घरी जाऊन देवीचा जग नदीत सोडायला लावला. मी त्या लोकांत होतो. घोषणा दिल्या, फोटो काढले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. ते योग्यच होते. देवीला माणूस वाहण्याची प्रथा मोडलीच पाहिजे आणि मी आजही तेच करीन. "जग ग्येला, जोगवा बी ग्येला," ती म्हणाली. "मग तुम्ही परत आलाच न्हाई, सर." तिच्या बापाने तिला घराबाहेर काढले ते त्याच पावसाळ्यात. देवीची म्हणून जी थोडी आब होती ती गेली आणि माणूस म्हणून आम्ही काही देऊ केले नाही. वर्षभराने ती शहरात गेली. काही वर्षांनी एका प्रकल्पाने तिला पीअर केले. आमच्या रिकाम्या जागेत तो पैसा आला.

म्हणून 'फंडिंगवाल्यांची चळवळ' हे शब्द मला आता उच्चारवत नाहीत. अनुदान आपल्याला मुळात वर्ज्य नाही. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांवर. त्या पैशाबरोबर लाभार्थ्यांचा तक्ता आला नव्हता, अग्रलेखाची यशोगाथा करा असा निरोप आला नव्हता. पुढची चळवळ आमच्या आयाबायांनी मजुरीतून काढून दिलेल्या आण्या-रुपयांवर चालली आणि त्या रुपयाने देणाऱ्यालाही जाब विचारण्याचा हक्क मिळाला. भीमनगरातील जयंतीची वर्गणी ही बाई दरवर्षी देते. पावतीबुकात तिचे जुने, पुरुषी नाव लिहिले जाते. तिच्या मंडळाला आमच्या जयंती मंडळाने आजवर एक रुपया दिलेला नाही.

अर्जात शेवटचा प्रश्न होता: निधी थांबल्यास कोणते धोके संभवतात? मी तिला मराठीत विचारले. "काय न्हाई. आत्ता हाय तसंच," ती म्हणाली. मी ते तसेच इंग्रजीत केले. अर्ज गेला नाही. नोंदणीच नव्हती, आणि नोंदणीला संस्थेचा पत्ता लागतो, आणि गावात त्यांना कुणी भाडेपत्र करून देत नाही.

मी विहार समितीला पत्र दिले आहे की मागची खोली या मंडळाला कार्यालयाचा पत्ता म्हणून द्यावी आणि रविवारी दुपारी बसू द्यावे. त्या खोलीत सध्या मंडपाच्या कनाती आणि मोडका लाउडस्पीकर आहे. बैठकीत तीन जण बाजूने बोलले. एकाने सांगितले की तिच्या गळ्यात अजून देवीचे मोती दिसतात. एकाने सांगितले की विहारात बायकापोरे येतात. चहा घेताना माझ्यापाशी बोललेला मित्र समितीचा चिटणीस आहे. तो काही बोलला नाही. विषय वर्षावासानंतर, अश्विन पौर्णिमा झाल्यावर घ्यायचे ठरले. दरम्यान अकरा जणांनी भिशी सुरू केली आहे, आठवड्याला पन्नास रुपये. वही मी आणून दिली. पहिल्या पानावर त्यांनी आपापली नावे स्वतः लिहिली, जी त्यांची आहेत ती. कनाती कुठे हलवायच्या ते मी पाहून ठेवले आहे.